एक्केचाळीस मुके बोर्ड

चिकलठाणा एमआयडीसीत साहेबराव दाभाड्यांची एक शेड आहे. बाहेरून पाहिली तर गोडाऊन वाटावं अशी. आत मात्र एक लांबच लांब टेबल, टेबलापाशी सहा बायका, आणि त्यांच्या पाठीमागे हात मागे बांधून येरझाऱ्या घालणारे गोकुळ पठाडे. या टेबलावर विहिरीवरच्या मोटारीचे मोबाईल स्टार्टर तयार होतात. शेतकऱ्यानं घरून मिस कॉल द्यायचा आणि तिकडे दोन किलोमीटरवर मोटार सुरू व्हायची.

टेबल गोकुळभाऊंनी उभं केलं होतं. यातल्या एकीनंही आधी कधी सोल्डरची गन हातात धरली नव्हती. कुणी गोधड्या शिवत होतं, कुणी पापड लाटत होतं. गोकुळभाऊंनी त्यांना पायऱ्या पायऱ्यांनी शिकवलं आणि शिकवताना प्रत्येकीच्या चुका एका रजिस्टरात मांडल्या. तारीख, बोर्डाचा नंबर, चूक, बाईचं नाव. बरोबर आलेलं काम लिहायला त्या रजिस्टरात रकानाच नव्हता. त्यांचं म्हणणं, बरोबर काम करायला तर पगार आहेच, ते काय लिहायचं?

जानेवारी संपत आला तसं ते रजिस्टर भराभर भरायला लागलं. बोर्ड मुके निघू लागले. तयार बोर्ड तपासणीच्या पाटाला लावायचा, शेजारचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटार चालू-बंद करणारा मोठा स्विच, खटकन ओढला जायचा, बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, हा रोजचा रिवाज. आता बोर्ड लावला तरी दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. दोन आठवड्यांत एक्केचाळीस.

सोमवारी साहेबरावांनी गोकुळभाऊंना केबिनमध्ये बोलावलं.

"गोकुळ, पुण्याचा माणूस तयार बोर्ड द्यायलाय. सीलबंद, गॅरंटीचे. आपलं टेबल आता हौसच झाली म्हणायची."

"दादा, आजवर असं नव्हतं."

"आजवरचं राहू दे. शनिवारी सकाळी पन्नास बोर्ड माझ्यासमोर लावायचे. एक मेला तर चालंल, माणसाचा हात आहे. दोन मेले, की सोमवारपासून पुण्याचा माल."

"आणि बायका?"

"बघू की कुठंतरी."

साहेबरावांचं 'बघू' गोकुळभाऊंना चांगलं ठाऊक होतं. कॅन्टीनचं बघू म्हणाले होते त्याला सहा वर्षं झाली, अजून चहा टपरीवरूनच येतो. बाहेर आल्यावर त्यांनी टेबलाकडे एक नजर टाकली आणि त्यांना पहिल्यांदा कळलं की आपण ज्या टेबलाच्या इतक्या चुका मांडल्या, ते गेलं तर आपल्यालाही मांडायला काही उरणार नाही.

चूक कुणाची हे मात्र त्यांनी चालता चालता ठरवून टाकलं होतं. बोर्ड मरतात कुठे? तपासणीच्या पाटावर. तिथे काय असतं? कॉन्टॅक्टर. कॉन्टॅक्टर सुटताना त्याची कॉईल उलटा झटका मारते, कित्येकशे व्होल्टचा. त्या झटक्यापासून बोर्डाला वाचवायचं काम डिझाईनचं. आणि डिझाईन मेघा खरातचं.

मेघा सत्तावीस वर्षांची. इथल्याच कॉलेजात शिकलेली. दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा जुन्या डिझाईनचे बोर्ड शेतातून पोत्यानं परत येत. तिनं आल्या आल्या काही बदललं नाही. अख्खा मे महिना स्कूटीच्या पुढच्या जागेत मोजायचं यंत्र ठेवून ती फुलंब्रीकडच्या विहिरी फिरली. लाईट गेली-आली की तारेत काय उसळतं, मोटार बंद होताना काय उसळतं, लांबवर वीज कडाडली तर काय, सगळं टिपून आणलं. काळवंडून परत आली आणि मग बोर्डावर तीन नवे पहारेकरी बसवले. पहिली, वीज आत येते तिथे बसवलेली एक निळी चकती, ती मोठा लोंढा अंगावर घेते. बायका तिला 'निळी टिकली' म्हणतात. दुसरी, कॉईलपाशी एक जोडी, झटक्याची धार बोथट करणारी. तिसरा, चिपच्या अगदी दारात बसलेला इवलासा डायोड, जादा व्होल्ट दिसले की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत जमिनीत वळवणारा. त्या पावसाळ्यापासून पोती येणं थांबलं. गोकुळभाऊंनी हे पाहिलं होतं, मनातल्या मनात नोंदवलंही होतं. पण बोलून दाखवणं ही वेगळी गोष्ट.

"मॅडम," ते तिच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, "तुमची टिकली कमी पडायली."

मेघानं वर पाहिलं. आता ही भांडणार, या तयारीनं गोकुळभाऊंनी पाय जरा फाकवून घेतले होते.

"असंल काका," ती म्हणाली. "चला, मारून बघू."

त्यांचे पाय उगाच फाकलेले राहिले.

तिनं दहा बोर्ड घेतले, मोठ्यातला मोठा कॉन्टॅक्टर जोडला आणि प्रत्येक बोर्डाला दोनशे वेळा खटखट झटके दिले. दुपारपर्यंत शेडमध्ये दुसरा आवाज नव्हता. टपरीवाला चहा घेऊन आला, कानावर हात ठेवून परत गेला. दहाचे दहा बोर्ड जिवंत. मग तिनं अकरावा घेतला, त्याचे तिन्ही पहारेकरी उपटून काढले आणि झटके सुरू केले. नवव्या झटक्याला बोर्ड गेला. बारीकसा धूर, चिपवर काळा ठिपका आणि जळका वास.

"वास आला?" तिनं विचारलं.

"आला."

"झटक्यानं मेला तर असा मरतो. आपल्या एक्केचाळिसांत एकाला तरी डाग हाय का?"

गोकुळभाऊंनी मुक्या बोर्डांचं खोकं उलटंपालटं केलं. एकावर ओरखडा नाही. आंघोळ करून, नवे कपडे घालून मेल्यासारखे.

मंगळवारी तिनं आणखी एक काम केलं. तपासणीच्या पाटाला लागायच्या आधीच, बायकांच्या पुढ्यातले वीस बोर्ड एकेक करून आपल्या छोट्या बॅटरीवर तपासले. विसांतले तीन मुके.

"काका, यांनी कॉन्टॅक्टर बघितलाच नाय अजून. हे टेबलावरच मेलेत."

टेबलावर! गोकुळभाऊंची मान ताठ झाली. टेबल म्हणजे त्यांचं राज्य. तिथे प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा, पट्ट्याची वायर अर्थिंगला. अंगावर साठलेलं स्टॅटिक जमिनीत जावं म्हणून. सकाळी नऊला स्वतः गोकुळभाऊ एकेकीचा पट्टा मशीनवर तपासत, एकीलाही विनापट्ट्याचं बसू देत नसत. मग टेबलावर मरतील कसे? त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं, आणि उत्तर सापडल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला.

"एक्केचाळिसातले तेवीस वच्छलाबाईचे."

सहाही गना एकदम थांबल्या. वच्छलाबाई टेबलावरच्या सगळ्यात थोरल्या, पंचावन्नच्या, आणि सगळ्यात टापटीप. त्यांचा सोल्डरचा टाका बघून नवीन बाई शिकायची.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू काढून वरीस झालं. आता मला तुमच्या मिशीतला पांढरा केसबी इथून दिसतो."

"मिशीचं नाय विचारलं. बोर्डाचं विचारलं."

"बोर्डाचं मला काय म्हाईत? मी रोजच्यावानीच करते."

एवढं बोलून त्या खाली मान घालून कामाला लागल्या, पण एकच टाका दोनदा घातला. गोकुळभाऊंना ते दिसलं आणि न दिसल्यासारखं करून ते पुढे गेले. मेघानं फक्त रजिस्टर मागून घेतलं.

बुधवारी सकाळी ती स्टूल घेऊन वच्छलाबाईंच्या शेजारी बसली.

"मावशी, मला शिकवा."

"तुम्हाला काय शिकवू माय? हे तुमचंच की सगळं."

"कागदावरचं माझं. हातातलं तुमचं."

वच्छलाबाई खुलल्या. रोजचा क्रम त्यांनी जसाच्या तसा करून दाखवला. आधी पिशवीतून जुन्या नायलॉनच्या साडीचा एक तुकडा काढला. पुढ्यातली गुलाबी प्लास्टिकची टोपली रिकामी केली आणि तिचा एकेक खण त्या तुकड्यानं असा घासला की टोपली कुईकुई करायला लागली. मग मनगटाला पट्टा, मग काम. बोर्ड तयार झाला की टोपलीच्या खणात. चहा झाला की पुन्हा टोपली पुसायची, धूळ नको म्हणून.

"बाकीच्या पुसतात का?"

"त्या? सणाला पुसत असतील," वच्छलाबाई म्हणाल्या. पलीकडून चंपाबाई फिसकन हसली. तिच्या नावे एक्केचाळिसातला एकच बोर्ड होता, आणि तिच्या टोपलीत कालचे शेंगदाणे होते.

मेघा उठली. पॅकिंगच्या खोक्यातून थर्माकोलचे चिमूटभर दाणे आणले आणि गुलाबी टोपलीजवळ टेबलावर पसरले. दाणे क्षणभर थरथरले आणि एकापाठोपाठ एक उड्या मारून टोपलीला जाऊन चिकटले. काही तर टोपलीवर चढून परत उड्या मारू लागले. बायका उठून गोळा झाल्या.

"अगं बया! ह्यात तर जीव हाय!"

"काका, हात आणा इकडं," मेघा म्हणाली. तिनं टोपली गोकुळभाऊंच्या कोपरापासून चार बोटांवरून फिरवली. हातावरचे केस सरळ उभे.

"पट्टा आपल्या अंगावरचं जमिनीत नेऊन सोडतो," ती सांगू लागली, "पण प्लास्टिकला पट्टा बांधला तरी काय उपयोग नाय. त्याच्यावर साठलेलं जागचं हलत नाय. बोर्ड त्यात बसला की त्याच्यावर त्याचा जोर येतो. मग पट्टा घातलेल्या हातानं मावशी तो उचलतात. हात जमिनीला जोडलेला, त्यामुळं सगळं तिन्ही पहारेकऱ्यांना बगल देऊन एका क्षणात चिपमधून निघून जातं. आपल्याला चटका लागायला दोन-तीन हजार व्होल्ट लागतात. चिपला काहीशे झाले की बास. म्हणून कुणाला काय कळलं नाय. त्यात ही थंडीतली कोरडी हवा. पावसाळ्यात हेच दाणे जागचे हलले नसते."

"म्हंजे मी पुसून पुसून मारले?" वच्छलाबाईंचा आवाज बसला.

"तुम्ही चांगलंच काम केलं मावशी. टोपली वाईट." मग तिनं सगळ्यांकडे पाहत विचारलं, "ह्या टोपल्या आल्या कुठून?"

सहाही बायकांना अचानक आपापल्या बोर्डात फार महत्त्वाचं काहीतरी दिसायला लागलं.

टोपल्या गोकुळभाऊंच्या घरून आल्या होत्या. दर संक्रांतीला त्यांची बायको आशाबाई टेबलावरच्या सहाही जणींना वाण देत असे. कोण सवाष्ण, कोण नाही, हे ती मोजत नसे. तिच्या वाटणीचीही सगळी मोजदाद नवराच करत असल्यानं तिला तशी गरज पडली नसावी. यंदा तिनं गुलमंडीतून खण असलेल्या रंगीत टोपल्या आणल्या होत्या. बायका त्या घरी नेणार, तर गोकुळभाऊंना टेबलावरचे काळे, कळकट, कोपरे तुटलेले ट्रे आठवले. 'ह्या टोपल्या इथंच वापरा, टेबल कसं कंपनीसारखं दिसंल,' असा हुकूम त्यांनीच सोडला होता. काळे ट्रे स्वतःच्या हातानं उचलून कोपऱ्यात टाकले होते. त्या ट्रेंचा काळेपणा हाच त्यांचा गुण, ते स्टॅटिक साठू देत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"आल्या असतील बाजारातून," वच्छलाबाई म्हणाल्या. कालच ज्यांच्या नावे तेवीस मुडदे मांडले गेले, त्याच वच्छलाबाई. "कुणाला ध्यानात हाय?"

"मला तर नाय बा," चंपाबाईनं साथ दिली.

गोकुळभाऊंनी एकेकीकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्यांच्या प्रत्येक चुकीला त्यांनी तारीख टाकली, त्या बायका त्यांची एवढी मोठी चूक पदराखाली झाकून बसल्या होत्या, आणि तेही कुणी सांगितल्याशिवाय.

"आमच्या घरून आल्या," ते म्हणाले. "वाणाच्या. इथं ठेवा मीच म्हणलो होतो."

मेघानं मान हलवली, एवढंच. "काळे ट्रे कुठंयत?"

एका ट्रेमध्ये नटबोल्ट सापडले, दुसऱ्यात साहेबरावांच्या केबिनमधली जुनी कॅलेंडरं, चार टाकीच्या नळाखाली ठिबक झेलायला ठेवलेले. गोकुळभाऊंनी ते स्वतः घासले. दुष्काळी नळाचं शहर, पाणी आठ-दहा दिवसांनी येणार, तरी त्यांनी टाकीतलं दोन बादल्या पाणी फरशी ओल्या फडक्यानं पुसायला दिलं, हवेत जरा ओल राहावी म्हणून. त्यांना ओळखणाऱ्यानं त्या दोन बादल्यांवरूनच जाणलं असतं की माणूस हादरलाय.

पण खरी कसोटी गुरुवारी आली. कपाटात संक्रांतीनंतरचे, अजून विकायचे राहिलेले शहाण्णव बोर्ड होते, तपासणीत पास झालेले, हिरवा दिवा लागणारे. गोकुळभाऊ त्यातले पन्नास शनिवारसाठी मोजायला लागले.

"ते नको काका," मेघा म्हणाली.

"का? चालू हायत की!"

"आज चालू हायत. टोपलीतून गेलेत सगळे. काहींना आतून जखम झाली असंल, दिसत नाय. दिवा लागतो, मिस कॉल घेतात, आणि एक दिवस मे महिन्यात, उसाला पाणी द्यायचं असताना, मुके होतात. कुठला जखमी, कुठला धड, हे आपल्याला ओळखता येत नाय. शहाण्णवच्या शहाण्णव चिपा बदलू, आणि संक्रांतीनंतर विकले गेलेलेबी परत मागवू."

"अहो पण शनिवारी पास होतील ना! साहेबरावांना काय कळतंय? टेबल वाचलं की मग बदला."

"शनिवार निघंल. शेतातल्या माणसाचं काय?"

गोकुळभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. या मुलीचं डिझाईन दोन दिवसांपूर्वीच निर्दोष ठरलं होतं. ती हात झटकून मोकळी होऊ शकत होती. हातात आयता विजय होता, कपाटात शहाण्णव हिरवे दिवे होते. ती मात्र अनोळखी माणसाच्या उसासाठी ते बाजूला ठेवत होती, आणि आवाजसुद्धा चढवत नव्हती. आपण जन्मभर माणसांच्या उण्या बाजूच तपासल्या, गोकुळभाऊंच्या मनात आलं, अशी बाजू तपासायची म्हणजे पाट कुठून आणायचा?

त्यांनी शहाण्णव बोर्ड खोक्यात भरले आणि खोक्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'विकू नये.'

मग उरले दोन दिवस आणि पन्नास नवे बोर्ड. रोजचा वेग वीसचा. बायकांनी चहा जागेवर मागवला आणि गप्पा बंद केल्या, जे चहा बंद करण्यापेक्षा अवघड होतं. शुक्रवारी दुपारी चार बोर्ड कमी पडतात असं दिसलं तेव्हा गोकुळभाऊंनी बाह्या सारल्या, पट्टा घातला आणि स्वतः सोल्डरला बसले. सात वर्षांनी. वच्छलाबाईंनी एकदा त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

शनिवारी साहेबराव खुर्ची टाकून पाटासमोर बसले. काळ्या ट्रेमधून बोर्ड येत होता, कॉन्टॅक्टर खटकत होता, हिरवा दिवा लागत होता. दहा. वीस. साहेबरावांनी मोबाईल खिशात घातला. तीस. चाळीस. बायका काम सोडून भिंतीला टेकून उभ्या. सेहेचाळीस.

सत्तेचाळिसावा लावला. दिवा नाही.

मेघानं परत लावला. नाही. गोकुळभाऊंनी मनात हिशेब केला. एक गेला. अजून तीन बाकी. हवा, ट्रे, फरशी, सगळं करूनही गेला, म्हणजे अजून काही तरी आहे की काय?

वच्छलाबाई पुढे आल्या. बोर्ड उलटा करून त्यांनी उजेडाकडे धरला. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत ओघळलेलं सोल्डर लगेच दिसलं.

"ह्याला स्टॅटिक-बिटिक काय नाय झालं," त्या म्हणाल्या. "दोन पाय चिकटवलेत. असा गोळा आमच्यातली कुणीच टाकत नाय."

"मग कुणी टाकला?" साहेबरावांनी विचारलं.

या वेळी गोकुळभाऊंनी वाट पाहिली नाही. "मी," ते म्हणाले. "आणि दादा, त्या एक्केचाळिसांचं कारणबी मीच. चांगले ट्रे काढून घरच्या प्लास्टिकच्या टोपल्या मीच ठेवल्या होत्या. मॅडमच्या डिझाईनमध्ये काय खोट नव्हती. वच्छलाबाईच्या हातातबी नव्हती."

साहेबरावांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, मग मेघाकडे. "लावा पुढचे."

अठ्ठेचाळीस लुकलुकला. एकोणपन्नास लुकलुकला. पन्नासावा लावताना मेघाचा हातसुद्धा क्षणभर थांबला, हे फक्त गोकुळभाऊंनी पाहिलं. कॉन्टॅक्टर खटकला. हिरवा.

साहेबराव उठले, फोन काढून दाराकडे गेले. "हां, पुणे? नाय, आता नको. नाय, भावाचा प्रश्न नाय. आपल्याकडं माणसं हायत." फोन ठेवून ते वळले. "गोकुळ, जालन्याची बाराशेची ऑर्डर घेतो. मार्चअखेर. जमंल?"

गोकुळभाऊंनी आधी टेबलाकडे पाहिलं, मग म्हणाले, "सोमवारपासून रोज पंचवीस करावे लागतील."

"पंचवीस कशाला, तीस करू," वच्छलाबाई म्हणाल्या. "फक्त एक करा भाऊ, तुम्ही मदतीला बसू नका."

हशा असा फुटला की साहेबरावसुद्धा दारात थांबून हसले. मेघा मात्र सत्तेचाळिसावा बोर्ड भिंगाखाली ठेवून गन तापवत बसली होती. तिनं शेजारचं स्टूल पुढे ओढलं.

"बसू द्या त्यांना मावशी. हात चांगलाय, सवय गेलीय. या काका, गन जरा आडवी धरायची, अशी."

गोकुळभाऊ बसले.